निरोगी एकतीस

पडद्यावर एकशे वीस ठिपके होते आणि त्यातला एक मी होतो, हे त्या खोलीत दोघांनाच माहीत होतं. मला आणि बर्नडेटला. साठ ठिपके लाल, म्हणजे टेकडीवरच्या वॉर्डातले नैराश्याचे रुग्ण, आणि साठ निळे, म्हणजे निरोगी माणसं. रक्तातले सात पदार्थ मोजून माणसाच्या मनाचा शंभरपैकी एक आकडा काढता यावा, म्हणून आम्ही सहा वर्षं हात धुऊन मागे लागलो होतो. पन्नासच्या वर गेला तर आजारी, खाली राहिला तर ठणठणीत. नोव्हेंबरातल्या त्या मंगळवारी सकाळी कोणता ठिपका कुठला ते उघड केलं, तर लाल सगळे वर आणि निळे सगळे खाली, मधे शेताच्या बांधासारखी मोकळी पट्टी. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टर कॉर्नेलिया व्हॉस खुर्चीतून उठल्या. बासष्ट वर्षांची सहा फुटी बाई, कधी कुणाच्या खांद्यावर हात न ठेवणारी, तिने त्या दिवशी चक्क प्रिंटरच्या खांद्यावर हात ठेवला. मग त्यांनी चष्मा लावला. लाल गर्दीच्याही वर, अठ्ठ्याऐंशीवर, एक निळा ठिपका एकटाच बसला होता. हा बिचारा कोण, त्यांनी विचारलं. 'निरोगी एकतीस,' बर्नडेट म्हणाली आणि तिने माझ्याकडे अजिबात बघितलं नाही. इतकं अजिबात बघितलं नाही की शेंबड्या पोरालाही कळलं असतं. डॉक्टरांना कळलं नाही, कारण त्या ठिपक्यांकडे बघत होत्या.

आता निरोगी माणूस मिळवणं हे आमच्या गावात किती कठीण आहे, ते बाहेरच्याला कळायचं नाही. आजारी माणसं वॉर्डात आयती असतात. निरोगी माणूस मात्र फेब्रुवारीत उणे पंचवीसमध्ये गाडीवरचा बर्फ खरडून, टेकडी उतरून, आपल्या दंडाला सुई टोचून घ्यायला का येईल? आणि आला तर त्याला निरोगी कसं म्हणायचं? म्हणून सगळ्या प्रयोगशाळा करतात तेच आम्ही करत होतो. संख्या भरेना की बर्नडेट हातात रबरी पट्टा घेऊन दारात उभी राहायची आणि आम्ही मुकाट्याने बाही वर करायचो. मोबदला म्हणून डोनटचं कूपन. नियमात बसत होतं; नावं तिच्या कुलपातल्या यादीत, बाहेर फक्त आकडे. त्यामुळे अमेरिकेच्या उत्तर टोकावरच्या या डुलुथ शहराच्या मानसिक आरोग्याचं प्रमाण माप कोण, तर मी, दोन सफाईवाले, बर्नडेटचा मेहुणा आणि तळमजल्यावरची ती बाई, जी फायलिंगची कपाटं बंद करताना त्यांना सॉरी म्हणते. मी तर चारदा रक्त दिलं होतं, आधी तीनदा नुसतं यंत्र तपासायला आणि चौथ्यांदा मोजणीत. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं.

नियमाप्रमाणे असा आकडा आला तर त्या स्वयंसेवकाला फोन करून ठरावीक प्रश्न विचारायचे असतात. फोनच करायचा असतो, असं छापलेलं आहे. म्हणून दहा मिनिटांनी माझ्या टेबलावरचा फोन वाजला. बर्नडेटची खोली माझ्या शेजारी आहे, मधे काच. मी बघतोय, ती बघतेय, आणि ती कागद समोर धरून म्हणते, 'नमस्कार, मी निरोगी एकतीस यांच्याशी बोलतेय का?' मी म्हणालो, बर्नडेट, अगं, मी दिसतोय तुला. ती म्हणाली, हो की नाही ते सांगा. ही बाई मला एरवी अरेतुरे करते, माझ्या डब्यातलं लोणचं विचारल्याशिवाय उचलते, पण नियमाच्या फोनवर तिने मला अहोजाहो लावलं. मी हो म्हणालो.

'गेल्या दोन आठवड्यांत तुम्हाला कशात रस वाटेनासा झालाय का?'

'कशात म्हणजे?'

'इथे एवढंच लिहिलंय. कशात.'

'मासेमारी बंद आहे सध्या. मी बर्फाला भोक पाडून धरतो, आणि तळ्याने बर्फ धरला नाही अजून.'

'रस आहे की नाही?'

'मोसम नाही.'

काचेपलीकडे तिने काहीतरी लिहिलं. झोप, भूक, थकवा, सगळ्याला मी ठीक म्हणालो. शेवटचा प्रश्न असा होता की हे सगळं कुणाशी बोलायला तुमच्याजवळ माणूस आहे का. मी म्हणालो, तूच बोलतेयस की आत्ता. तिने कागद खाली ठेवला, काचेतून माझ्याकडे नीट पाहिलं, आणि तरी फोनमध्येच म्हणाली की उत्तरं समाधानकारक नसतील तर पुन्हा फोन करायचा असतो. मग तिने फोन ठेवला आणि मीही ठेवला आणि आम्ही दोघं पाठ करून कामाला लागलो.

'ठीक' हा आमच्या घराण्याचा शब्द. माझे आजोबा फिनलंडहून आले ते बहुतेक हाच एक शब्द ट्रंकेत घालून आले. लोखंडाच्या गोदीत बाबांची दोन बोटं गेली तेव्हा आईने विचारलं, कसं काय, तर बाबा म्हणाले, ठीक, आठ आहेत. मी रॉय हाकाला, वय चोपन्न, आयुष्यात जेवढे शब्द तोंडाने बोललो असेन त्याच्या हजारपट मनात बोललो, आणि त्याचा कुणाला काही त्रास झाला नाही. डॉक्टर व्हॉस यांची ही परीक्षा म्हणूनच मला मनापासून पटली होती. त्यांची आई त्याच टेकडीवरच्या वॉर्डात एकोणीस वर्षं येऊन जाऊन होती. दर वेळी नवा डॉक्टर, दर वेळी तेच प्रश्न, आणि बाई काहीच सांगायची नाही, म्हणून दर वेळी तिला बरी ठरवून घरी धाडायचे. हे डॉक्टरांनी मला एकदाच सांगितलं होतं, आम्ही बिघडलेला फ्रीझर रिकामा करत असताना, दोघांचेही हात जाड मोज्यांत होते तेव्हा. एक चमचा रक्त, रॉय, आणि कुणाला काही विचारायची गरजच नाही, असं त्या म्हणाल्या होत्या. मला वाटलं, आमच्या गावासाठी याहून मोठं वरदान नाही. गुरुवारी सकाळी त्या राज्याच्या राजधानीत, सेंट पॉलला, समितीपुढे जाणार होत्या. समितीने मान डोलावली की ही परीक्षा सात इस्पितळांत सुरू होणार होती.

पण अठ्ठ्याऐंशी. मी दुपारभर स्वतःकडे संशयाने बघत होतो. सूप प्यायलो, तर चव लागतेय का ते तपासलं. लागत होती, मीठ कमी होतं, पण मीठ कमी वाटणं हे लक्षण असलं तर? मुतारीच्या आरशात पाहिलं, तर गेली तीस वर्षं दिसतो तोच माणूस दिसला, मासा परत पाण्यात सोडताना असतो तसल्या चेहऱ्याचा. वॉर्डातले रुग्ण मी पाहिले होते. काहींना सकाळी मोजे घालणं जमत नाही. मला मोजे जमत होते. मग हा आकडा खोटा असावा. पण आकडा खोटा मानला तर बाकीचे एकशे एकोणीस खरे कशावरून? आणि आकडा खरा मानला तर मी सहा वर्षं ज्या नळ्यांवर 'निरोगी' अशी चिठ्ठी डकवतोय, त्यातली एक माझ्याच कपाळावर उलटी बसली होती. चोराच्या मनात चांदणं, तसं मला सगळे आपल्याकडेच बघताहेत असं वाटायला लागलं, म्हणून मी लवकर घरी गेलो आणि मागच्या अंगणात लाकडं फोडत बसलो.

डोरीन, माझी बायको, उजेड होता तोवर स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. मी तिला विचारलं, जरा आडूनच, की माझ्यात काही फरक वाटतो का. ती म्हणाली, तू असाच आहेस, लग्नात फोटोवाल्याने मला बाजूला घेऊन विचारलं होतं की नवऱ्याकडचं कुणी वारलंय का. मला बरं वाटलं. मग ती म्हणाली, 'पण फेब्रुवारीपासून तू लाकडं फोडतोयस.' मी म्हणालो, हिवाळ्यासाठी. तिने गॅरेजच्या भिंतीकडे बोट केलं. छपरापर्यंत रचलेली लाकडं, दोन रांगा, शिवाय शेजारच्या कुंपणाला टेकलेली तिसरी. 'आपलं घर गॅसवर आहे, रॉय,' ती म्हणाली आणि आत गेली.

मी कुऱ्हाड तशीच ओंडक्यात ठेवली. फेब्रुवारीत तर ती नळी होती. माझ्या चार नळ्यांपैकी चौथी, एकतिसावी. नऊ फेब्रुवारी, शुक्रवार, बर्फाचं वादळ, निम्मी माणसं आलीच नव्हती. बर्नडेटने साडेनऊला माझं रक्त काढलं, नळी माझ्याच हातात दिली आणि रस्ता बंद व्हायच्या आत घरी पळाली. रक्त साखळायला अर्धा तास ठेवायचं आणि मग यंत्रात गरगर फिरवायचं, म्हणजे वर पिवळं पाणी सुटतं, ते मोजायचं. यंत्राची खोली तळघरात, खिडकी नाही, एक स्टूल. मी नळी घेऊन खाली गेलो आणि खिशात फोन वाजला. माझा थोरला भाऊ रन्नी याची बायको होती. ती म्हणाली, रॉय, रन्नी सकाळी फावड्याने बर्फ काढायला गेला आणि तिथेच बसला, उठला नाही. मी म्हणालो, ठीक आहे. एवढंच म्हणालो. फोन बंद केला आणि स्टुलावर बसलो. रन्नीशी मी अकरा वर्षं बोललो नव्हतो. बाबा गेल्यावर त्यांच्या सौनाची, म्हणजे अंगणातल्या वाफेच्या लाकडी न्हाणीघराची शेगडी, ती काळी, बिडाची, आजोबांच्या वेळची, रन्नीने न विचारता उचलून आपल्याकडे नेली. मी म्हणालो होतो, ठीक आहे, आणि गरम दगडांवर पाणी ओतायची तांब्याची पळी खिशात घालून निघून आलो होतो. तेव्हापासून शेगडी त्याच्याकडे आणि पळी माझ्याकडे, वीस मैलांवर दोघं भाऊ, एक जण वाडग्याने पाणी ओततोय आणि दुसरा भिंतीवर पळी टांगून बघतोय. त्या स्टुलावर मी या सगळ्याचा विचार केला असं म्हणता येणार नाही. मी कसलाच विचार केला नाही. मला एवढंच आठवत होतं की लहानपणी सौनात रन्नी मला खालच्या पायरीवर बसवायचा, वर फार चटका बसतो म्हणून, आणि स्वतः वर बसून विचारायचा, ठीक आहेस ना रे? मग मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं तर एक वाजला होता. नळी माझ्या मुठीत होती. गरम झाली होती. मी ती यंत्रात घातली, फिरवली, आणि नोंदवहीत 'रक्त काढल्यापासून मिनिटं' या रकान्यात लिहिलं, तीस. घरी गेलो, जेवलो, आणि टीव्हीवर हवामान लागलं तेव्हा डोरीनला सांगितलं की रन्नी गेला. ती रडली. मी तिला रुमाल आणून दिला.

अंगणात उभ्या उभ्या मी बोटांवर तास मोजले. कारण मी तांत्रिक माणूस आहे, आणि साडेतीन तास मुठीत शिजलेल्या रक्तात काय काय होतं ते मला ठाऊक आहे. पेशी फुटतात, आतलं बाहेर येतं, आणि आमच्या सातपैकी पाच पदार्थ वर चढतात. म्हणजे ते अठ्ठ्याऐंशी माझ्या मनाचे नव्हते, त्या घड्याळाचे होते. आणि मग पुढचं आपोआप आलं, नको नको म्हणताना आलं. वॉर्डातल्या रुग्णांचं रक्त सकाळी सातला काढतात. ते खाली आणतो मर्विन, इस्पितळाच्या गाडीतून, धुण्याच्या गाठोड्यांबरोबर. मर्विन आठला निघतो, धुणं टाकतो, वाटेत बहिणीकडे न्याहारी करतो, गप्पा मारतो आणि साडेअकराला आमच्या दारात येतो. तिथून आम्ही अर्धा तास मोजायचो. रकान्याच्या डोक्यावर 'रक्त काढल्यापासून' लिहिलेलं होतं आणि आम्ही सहा वर्षं 'रक्त पोचल्यापासून' मोजत होतो, कारण आमच्या दृष्टीने रक्त पोचलं की ते सुरू व्हायचं. निरोग्यांचं रक्त मात्र इथेच निघायचं आणि अर्ध्या तासात यंत्रात जायचं. सहा वर्षं, सात पदार्थ, एकशे वीस माणसं, आणि आम्ही जे इतकं बारकाईने मोजलं ते मर्विनची न्याहारी होती. मला हसू आलं. मग हसू गेलं.

बुधवारी सकाळी साडेसातला मी बाही वर करून बर्नडेटच्या दारात उभा राहिलो आणि म्हणालो, दोन नळ्या काढ. तिने का म्हणून विचारलं नाही. एक नळी मी अर्ध्या तासाने फिरवली. दुसरी मुठीत धरली आणि अकरापर्यंत एका हाताने काम केलं. एका हाताने फ्रीझर उघडला, एका हाताने कॉफी प्यालो, एका हाताने टाळं उघडता उघडेना तेव्हा बर्नडेट येऊन उघडून गेली. तिने माझ्या मुठीकडे मात्र दोनदा पाहिलं. दुपारी चारला आकडे आले. पहिली नळी बावीस, दुसरी चौऱ्याऐंशी. एकच माणूस, एकच दंड, एकच सकाळ.

गप्प बसणं अगदी सोपं होतं. निरोगी एकतीस हा एक विचित्र ठिपका म्हणून डॉक्टर वगळणारच होत्या, तसं त्या सकाळी म्हणाल्याही. पण मग सात इस्पितळांत कुणाची तरी नळी खिडकीत विसरली जाणार आणि त्याला आजारी म्हणून सांगणार. आणि एखादी बाई, जी काही बोलतच नाही, तिची नळी वेळेवर फिरली म्हणून तिला बरी ठरवून पुन्हा घरी धाडणार. हे मला स्वच्छ दिसत होतं. तरी खरं सांगतो, डॉक्टरांची सहा वर्षं मातीत जातील याची मला जेवढी भीती वाटत होती, त्याहून जास्त भीती त्या एका प्रश्नाची होती, जो त्या विचारणारच. नळी साडेतीन तास का राहिली? यंत्र बंद होतं म्हणावं, तर यंत्राची वेगळी वही असते. वीज गेली म्हणावं, तर फ्रीझरची वेगळी. आमच्या धंद्यात खोटं बोलायचं तर फार वह्या खोट्या कराव्या लागतात.

साडेचारला मी नोंदवही काखेत मारून त्यांच्या खोलीत गेलो. त्यांची बॅग भरलेली होती, वर घडी केलेला निळा कोट. त्या म्हणाल्या, बोला रॉय. मी वही टेबलावर ठेवली. आमच्याकडे नोंदवहीतली चूक दुरुस्त करायची एक रीत आहे. खोडायचं नाही, पांढरं फासायचं नाही. जुन्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारायची, म्हणजे चूक काय होती ते कायम वाचता यावं. शेजारी खरा आकडा, सही, तारीख, आणि शेवटच्या रकान्यात कारण. कारणाशिवाय दुरुस्ती चालत नाही, आणि प्रमुखांनी वाचून खाली सही करावी लागते. मी त्यांच्या टेबलावर वही उघडली, नऊ फेब्रुवारीचं पान काढलं, तीसवर रेघ मारली. शेजारी दोनशे दहा लिहिलं. सही केली, तारीख घातली. शेवटच्या रकान्याशी पेन थांबलं. डॉक्टर उलट्या बाजूने वाचत होत्या. मी लिहिलं: भाऊ वारला. नळी हातात घेऊन बसून राहिलो.

मग आजचे दोन आकडे त्यांच्यापुढे ठेवले आणि मर्विनच्या न्याहारीबद्दल सांगितलं. हे मात्र मी भराभरा सांगितलं; तांत्रिक होतं. त्यांनी वही आपल्याकडे ओढली आणि पानं मागे मागे उलटत गेल्या. तीस, तीस, तीस, तीस. पहिल्या वर्षाची पानं आली तेव्हा अक्षर त्यांचं स्वतःचं होतं. तिथेही तीस. त्या अक्षरावरून त्यांनी बोट फिरवलं. मग उठल्या, निळा कोट बॅगेवरून काढून खुंटीला लावला आणि परत येऊन बसल्या. 'समितीला उद्या हेच दाखवावं लागेल,' त्या म्हणाल्या, आवाज अगदी नेहमीचा होता. मी म्हणालो, हो. नऊ फेब्रुवारीचं पान त्यांनी पुन्हा काढलं, माझ्या सहीखाली आपली सही केली, आणि पेन खाली ठेवलं नाही.

'किती वर्षांचे होते?'

'एकसष्ट.'

'जवळचे होते का?'

'अकरा वर्षं बोलणं नव्हतं.'

'कशावरून?'

'शेगडीवरून,' मी म्हणालो.

डॉक्टर व्हॉस यांच्या तोंडून एक आवाज निघाला. सहा वर्षांत मी त्यांना हसताना ऐकलं नव्हतं, त्यामुळे मला आधी वाटलं त्यांना ठसका लागला. त्यांनी लगेच तोंडावर हात ठेवला आणि माफ करा म्हणाल्या, पण तोवर मीही हसायला लागलो होतो. मी म्हणालो, पळी माझ्याकडे आहे, शेगडी त्याच्याकडे, आणि आता शेगडी घेऊन जा म्हणतेय त्याची बायको, आणि आमचं घर गॅसवर आहे, डॉक्टर. त्या हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या, कशासाठी पुसत होत्या ते मी विचारलं नाही. मी हसतच होतो. थांबायचं म्हटलं तर थांबेना. खांदे हलत होते, आणि मला कळलं की हे हसू नाही. बराच वेळ झाला, हे हसू नव्हतंच. मी टेबलाला धरून उभा राहिलो आणि रडलो, नऊ फेब्रुवारीच्या पानावर पडू नये म्हणून तोंड बाजूला करून.

डॉक्टरांच्या खोलीलाही काच आहे. पलीकडे बर्नडेट प्रश्नांचा कागद घेऊन बसली होती. तिने फोन उचलला, इकडे पाहिलं, फोन परत ठेवून दिला, आणि दार उघडून आत आली.